कोरा समास

मंडळी, यावेळी थोडं भांडायचं आहे. घरातल्याच काही जणांशी, आणि त्यांच्या निमित्ताने पुस्तकं कोरी करकरीत ठेवणाऱ्या समस्त सज्जनांशी. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा. चहा मिळेल, मत बदलणार नाही.

कारण सांगते. आजोबांची सार्थ ज्ञानेश्वरी पार खिळखिळी झाली आहे. शिवण सुटली, सहाव्या अध्यायाची पानं वेगळी निघाली, पुठ्ठा तर केव्हाच गेला. ती बांधून घ्यायची यावर सगळ्यांचं एकमत आहे (आमच्याकडे हे विरळाच!). बाइंडरने सांगितलं, कडा कुरतडल्यात, तिन्ही बाजूंनी कटिंग मारावं लागेल, पाव इंच तरी जाईल. आणि त्या पाव इंचात आजोबा आहेत. आत्याही आहे. दोघांनी चाळीसेक वर्षं त्या पोथीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, पार कडेपर्यंत. यावर आमच्यातल्या एकांचं म्हणणं असं की बरंच झालं, तेवढीच पोथी स्वच्छ होईल. उरलेलं खोडरबराने पुसून टाकू, पारायणाला व्यत्यय नको. दुसऱ्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीचं म्हणणं याहून नाजूक आहे : आत्याने जे लिहिलंय ते चार लोकांनी वाचण्यासारखं नाही.

मी म्हणते, तेच वाचण्यासारखं आहे.

आधी 'स्वच्छ पोथी' या कल्पनेकडे बघू. अशी पोथी नसतेच मुळी. ज्ञानेश्वरी हीच एक टीका आहे. गीतेचे सातशे श्लोक आणि त्यांच्याभोवती साधारण नऊ हजार ओव्या. म्हणजे केवढा समास झाला बघा! शके १२१२, इसवी सन १२९०. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथांनी पैठणला तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. का करावी लागली? तर प्रती उतरवून घेताना पाठ बदलत गेले होते, भलतंसलतं आत शिरलं होतं. नाथांनी शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपल्या पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. हे वाक्य स्वच्छतावाले नेहमी माझ्या अंगावर फेकतात. "बघ, नाथसुद्धा सांगतात, पोथीत लिहू नये!"

अहो, नाथ ते सांगत नाहीत. ते सांगतात ताटात ढवळाढवळ नको. ताटाशेजारी बसून जेवणाबद्दल बोलू नका असं कुठे म्हटलंय? आपलं म्हणणं ग्रंथाच्या ओळीत घुसवणं वेगळं आणि ग्रंथाच्या बाजूला, आपल्या अक्षरात, हे माझं म्हणून मांडणं वेगळं. समासात लिहिणारा माणूस तर मूळ पाठाला हातही लावत नाही. पहिल्या प्रकाराला नाथांचा विरोध होता, दुसऱ्या प्रकारात ते स्वतः मातब्बर होते. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी अख्खी टीका लिहिली.

आणि गंमत म्हणजे नाथांच्या प्रतीनेही प्रश्न मिटला नाही. राजवाड्यांनी १९०९ साली एक वेगळी ज्ञानेश्वरी छापली, ही एकनाथपूर्व आहे असं सांगून. मग पाठांवरून वाद. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, वामन पंडितांनी गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिली, बावीस हजारांच्या आसपास ओव्यांची, आणि काही ठिकाणी ज्ञानेश्वरांचा अर्थ त्यांना मान्य नव्हता. नावातच 'यथार्थ' आहे, म्हणजे बाकीच्यांचं काय ते समजून घ्या! टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यांना त्याच सातशे श्लोकांत कर्मयोग दिसला, आचार्यांना दिसलेला संन्यास नाही. गांधीजींना १९३० च्या 'अनासक्तियोगा'त ते युद्ध माणसाच्या मनातलं वाटलं. विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे त्याच गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. बाबासाहेबांना त्याच गीतेत प्रतिक्रांतीचा तात्त्विक बचाव दिसला. आता सांगा, यातला स्वच्छ अर्थ कोणता, आणि बाकीचे खोडरबराने पुसायचे का?

ही थोरामोठ्यांची नावं घेतली की सगळे मान डोलावतात. "त्यांची गोष्ट वेगळी." कशी काय वेगळी? त्यांनी समासात लिहिलेलं छापलं गेलं आणि आत्याचं राहिलं, एवढाच फरक मला दिसतो.

*

आमच्या सोलापुरातलं एक उदाहरण देते, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. 'षट्खंडागम' हा दिगंबर जैनांचा अतिशय प्राचीन ग्रंथ. त्यावरची वीरसेनांची 'धवला' ही टीका नवव्या शतकातली. शेकडो वर्षं तिच्या ताडपत्रावरच्या पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या, बाहेर कुणाला दिसत नव्हत्या. विसाव्या शतकात तिच्या नकला बाहेर आल्या आणि डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड निघाला. पुढे वीसेक वर्षांत सोळा खंड झाले. त्यांच्या नंतरच्या सुधारित आवृत्त्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढल्या. इथल्या जीवराज ग्रंथमालेचं काम फार मोठं आहे. शहरातल्या माणसाला चादरी आणि शेंगाचटणीच्या पलीकडे हे सांगावं लागतं, असो.

तर त्या पहिल्या खंडात ९३ क्रमांकाचं एक सूत्र आहे, स्त्रियांविषयीचं. साधनेच्या पायऱ्यांची, म्हणजे गुणस्थानांची, यादी त्यात येते. हाती असलेल्या नकलेत ती यादी आंशिक संयमापाशी थांबत होती. संपादकांनी पाठाला हात न लावता खाली तळटीप दिली, की इथे 'संजद' हा शब्द गळलेला दिसतो. संजद म्हणजे संयत, पूर्ण व्रत घेतलेला. एक शब्द! पण तो घातला की स्त्रीला पूर्ण संयमाची पायरी मिळते, आणि मग तिथून मोक्षापर्यंतचा रस्ता मोकळा झाल्यासारखा दिसतो. स्त्रीला त्याच देहाने मोक्ष मिळत नाही ही दिगंबर परंपरेची भूमिका. श्वेतांबरांची वेगळी. त्यामुळे त्या एका तळटिपेवरून पंडितांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, लेख लिहिले गेले. पुढे तो ग्रंथ ताम्रपटावर कोरण्याचं काम निघालं तेव्हा हा शब्द कोरायचा की नाही यावरूनही वाद झाला.

संपादकांना हा शब्द गळलाय हे कळलं कसं? तर वीरसेनांच्या टीकेवरून. सूत्रानंतर लगेच ते स्वतःच शंका काढतात की मग यावरून स्त्रियांना मोक्ष आहे असं ठरेल की काय, आणि तिला उत्तर देतात. सूत्रात तो शब्द नसता तर ही शंका निघायचं कारणच नव्हतं. म्हणजे मूळ ओळीतून शब्द सांडला, पण टीकाकाराने त्या शब्दाशी घातलेला वाद शिल्लक राहिला, आणि त्या वादाने शब्द परत आणला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला तेव्हा तो शब्द तिथे होताच.

यात मला सर्वात आवडतं ते असं, की शब्द परत मिळूनही अर्थाचा वाद मिटला नाही. वीरसेनांचं उत्तर होतं की इथली स्त्री देहाने नव्हे, भावाने स्त्री समजायची. परंपरेतल्या अनेकांनी तेच धरलं. काहींना ते पटलं नाही. ते कोण बरोबर हे ठरवायची माझी लायकी नाही, आणि तो माझा विषयही नाही. मी एवढंच म्हणते की उद्या एखाद्या उत्साही माणसाने 'फक्त मूळ सूत्रं, टीकाबिका नको' अशी स्वच्छ पोथी केली असती, तर एक सांडलेला शब्द कायमचा सांडला असता. तोही नेमका बायकांच्या वाट्याचा.

*

आता घरचं.

आजोबा गिरणीत टाइमकीपर होते. सकाळच्या पाळीहून आले की अंघोळ, मग पोथी. त्यांचं अक्षर बारीक, लेजरमध्ये लिहायची सवय असलेलं. दुसऱ्या अध्यायात कर्म करावं पण फळावर नजर ठेवू नये असं जिथे येतं, तिथे त्यांनी समासात एकच शब्द लिहिलाय : "बोनस?" खाली तारीख. आमच्या घरात हा विनोद म्हणून सांगितला जातो. मला तो विनोद वाटत नाही. ज्या माणसाला दर दिवाळीला घरी सहा पोरांसमोर हात हलवत येण्याची भीती होती, त्याने गीतेला विचारलेला तो सरळ प्रश्न आहे. त्यावर दहा पानांचा लेख लिहिला असता तरी यापेक्षा जास्त काय सांगितलं असतं? आणि हे लिहूनही त्यांनी पोथी सोडली नाही हे लक्षात घ्या. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसरी तारीख आहे. प्रश्नचिन्ह मात्र खोडलेलं नाही.

आत्या लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत परत आली. का आली ते घरात कुणी उघड बोललं नाही, मीही इथे बोलणार नाही. पुढे शाळेत मराठी शिकवलं, जन्मभर. तिचं अक्षर मोठं, फळ्यावर लिहिल्यासारखं. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं येतात, मान आणि अपमान ज्याला सारखेच. आजोबांनी तिथे शेजारी "हे साधले पाहिजे" असं लिहिलं आहे. त्याच्याखाली आत्या : "अपमान कोण करतो त्यावर आहे."

पसायदानात दुष्टांचा वाकडेपणा जावो असं मागणं आहे ना, तिथे तर दोघांची जुगलबंदीच आहे. आजोबा : "आधी माझा." आत्या, बहुधा बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या पेन्सिलीने : "अण्णा, तुमच्यात नव्हता. ज्यांच्यात होता त्यांना हे दान कशाला?" आणि त्याखाली आणखी एक ओळ, थरथरत्या अक्षरात, तिचीच : "असो. जावो."

हे ते 'चार लोकांनी वाचण्यासारखं नसलेलं'.

मला सांगा, सातशे वर्षं रोज कुठे ना कुठे म्हटल्या जाणाऱ्या त्या मागण्याशी एका बाईने आयुष्यभर झगडून शेवटी "जावो" म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे? आपण सगळे पसायदान डोळे मिटून, हात जोडून, एका दमात म्हणतो आणि प्रसादाच्या रांगेत लागतो. या घरात ते मन लावून म्हटलेलं मला फक्त या दोघांचंच दिसतं. तिने काय सोसलं ते झाकायचंय म्हणून तिने काय वाचलं तेही पुसायचं? एकदा गप्प बसवून झालं, आता रबर?

*

"पण मग कुणीही काहीही अर्थ काढावा काय?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नाही, काढू नये. आमच्याच पोथीत याचंही उत्तर आहे. 'चाड' हा शब्द आपण आज "जनाची नाही तर मनाची तरी" या चालीवर लाज, भीड अशा अर्थाने घेतो. आजोबांनी एके ठिकाणी तसाच घेतला आणि त्यावर नीतीचा छानसा उपदेश लिहून ठेवला. आत्याने बाजूला लिहिलं, "येथे चाड = इच्छा, आवड. मोल्सवर्थ पाहा." आजोबांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या उपदेशावर तिरकी रेघ मारली आहे. (मोल्सवर्थचा तो जाडजूड कोश शाळेच्या लायब्ररीत होता, ती तिथून उतरवून आणत असे.) म्हणजे शब्दाचा अर्थ कोशाने चुकीचा ठरू शकतो आणि ठरवावाही. पण शब्दार्थ सुटला की उरतो तो प्रश्न वेगळा : हे मला लागू होतं का, मला पटतं का. तिथे मोल्सवर्थ उपयोगाचा नाही. तिथे टाइमकीपर आणि मास्तरीण यांची उत्तरं वेगळीच येणार.

ही दोन गोष्टींमधली गल्लत आपल्याकडे शाळेपासून पद्धतशीर शिकवली जाते. "कवीला येथे काय म्हणायचे आहे?" पाच गुण. बाजारातल्या गाईडात उत्तर छापलेलं, तेच पाठ करायचं, तेच पेपरात उतरवायचं. कवीला काय म्हणायचं होतं हे गाईडवाल्याला कसं कळलं हे विचारायची सोय नाही. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ मध्ये आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. सरकारच्या बाजूनेही कुणीतरी ते पुस्तक वाचून ओळींखाली रेघा मारल्याच असतील की! आज त्याच कवीवर 'आशय स्पष्ट करा' म्हणून प्रश्न येतो आणि पोरं गाईडातलं एकसारखं उत्तर लिहितात. तीस मुलांच्या वर्गात तीस सारखी उत्तरं आली की मास्तर खूश. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, मला ते तीस पेपर तपासताना भीती वाटते.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या घरातल्या सर्वात हुशार माणसाचा आहे. दुसऱ्याच्या खुणा असल्या की पुढच्याची नजर तिथेच जाते, त्याचं वाचन त्याचं राहत नाही. खरं आहे. लायब्ररीच्या पुस्तकात "व्वा!" आणि "खुनी माळी आहे" असं लिहिणाऱ्यांना माझ्याकडून माफी नाही. सार्वजनिक पुस्तक सार्वजनिक आहे, तिथे हात आवरावा. पण घरच्या 'सार्थ' पोथीला हा न्याय लावताना एक विसरलं जातं. ओवीच्या खाली जो अर्थ छापलेला असतो तोही कुणीतरी एका माणसाने लावलेला अर्थच आहे. त्याचं नाव पहिल्या पानावर असतं आणि दहाव्या पानापर्यंत आपण विसरतो, मग तो अर्थ ज्ञानेश्वरांचाच वाटू लागतो. पेन्सिलीच्या अक्षराचं तसं होत नाही. ते बघताक्षणी कळतं की हे अण्णांचं, हे आत्याचं, म्हणजे माझं अजून बाकी आहे.

आमच्या घरात दुसरी एक ज्ञानेश्वरी आहे, लग्नात कुणी आहेर दिलेली, मखमली वेष्टनातली. ती उघडताना अजून पानं चिकटलेली निघतात. पारायणाला ती घ्या ना! तिच्यात व्यत्यय आणणारं कुणीही राहत नाही.

तर माझं म्हणणं : कटिंग नाही, रबर नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचं काम भाचीने अर्ध्याहून जास्त उरकलंय, नवव्या अध्यायापर्यंत आलीय. पण फोटो आहेत म्हणून मूळ कापा, हे चालणार नाही. पेन्सिल फोटोत फिकट येते, आणि कोणत्या ओळीवर हात जोराने दाबला गेलाय ते पानाच्या मागून बोट फिरवूनच कळतं.

नव्या पेठेच्या मागच्या बोळात एक गृहस्थ अजून हाताने शिवून बांधणी करतात असं कळलं. कडा न कापता, फाटलेल्या पानांना मागून पातळ कागद लावून. पैसे जास्त घेतात, वेळही जास्त घेतात. पैसे मी देते. आषाढीनंतर पोथी त्यांच्याकडे जाईल. त्याआधी ज्यांना पाहायची असेल त्यांनी फोन करून या, शनिवारी दुपारनंतर मी घरीच असते. आणि ज्या वडीलधाऱ्यांना आत्याचं लिहिणं खटकतं त्यांना माझी विनंती आहे, बाराव्या अध्यायाच्या त्या पानावर अजून दोन बोटं जागा आहे. तुमचं काय ते तिथे लिहा.